अकरा तळहात

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आईने कपाटातून तिची काळी साडी काढली आणि माझ्या बाजेवर ठेवली. नातवाची पहिली संक्रांत, बोरन्हाण, त्याला काळं झबलं, वर हलव्याचे दागिने. मग त्याच्या मायनं काळं नेसायला नको? मी साडीकडे बघितलं आणि मग बाजेवरच्या निळ्या चादरीकडे. दुपारी तासभर जिथे लवंडले होते तिथे माझ्या पाठीचा आणि दोन्ही कोपरांचा नकाशा पांढऱ्या भुशाने उमटला होता. चादर सकाळीच झटकलेली. आईनेही ती बघितली. काही न बोलता साडी उचलून पुन्हा कपाटात ठेवली.

मला सोरायसिस आहे. वयाच्या 19 व्या वर्षापासून, म्हणजे आता 13 वर्षं झाली. मी हिशेब विभागात नोकरी करते आणि आकड्यांत मांडल्याशिवाय मला काही नीट कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे मलमाचे ग्रॅम येणार आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपली कातडी तळातून वर येऊन झडायला साधारण महिना घेते. माझी चट्ट्यांच्या जागी तीन-चार दिवसांतच वर येते. अंगातली संरक्षणाची यंत्रणा उगाच घाई करते, अर्धीकच्ची कातडी वर साचत जाते आणि तिचे खवले पडतात. पुस्तकातल्या फोटोत चट्टे लालभडक असतात. माझ्यासारख्या सावळ्या अंगावर ते जांभळट दिसतात, वर राखेसारखा थर. म्हणून की काय, दर माणूस वेगळंच नाव ठेवतो. माझ्या एका आत्याने त्याला गजकर्ण म्हटलं, शेजारच्या काकूंनी इसब, आणि एका बारशाला एका बाईंनी हळूच आईला विचारलं, ‘‘कोड तर नाही ना?’’ यातलं काहीच नाही. आणि हा लागणारा रोग नाही.

गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून चट्टे विरत गेले. डोहाळजेवणाला मी बिनबाह्यांचा ब्लाउज घातला, आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याच जणींना असं होतं, हॉर्मोन वाढलेले असतात तेव्हा ही उतावीळ यंत्रणा जरा शांत बसते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत उलटूनही येतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते मी ऐकलं नाही. बिनबाह्यांच्या ब्लाउजात नीट ऐकू येत नसावं.

लेक झाला नोव्हेंबरात, सिझर होऊन. मी नागपूरच्या महाल भागातल्या माहेरी आले. जुनं घर, जाड भिंती, माजघराच्या पलीकडे अंधारी खोली, तीच बाळंतिणीची. डिसेंबरात नागपूरची थंडी कोरडी असते, ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि माझ्यासारखीची तर अख्खी पाठ फुटते. पाचव्या आठवड्यात पहिला चट्टा आला तो टाक्यांच्या रेषेवर. आधी वाटलं खपली धरतेय. मग ती रेष जाड झाली, दोन्ही बाजूंना पसरली, आणि नखाने जरा खरवडलं तर टाचणी टोचल्यासारखे रक्ताचे बारीक ठिपके. ते ठिपके मी 13 वर्षं ओळखते. त्या रात्री मी नवऱ्याला फोन करून नुसतं ‘‘आलं’’ म्हटलं. त्याला वाटलं पार्सल आलं.

टाक्यांवरच का आलं, याला नाव आहे. कातडीला जिथे इजा होते, खरचटतं, सतत घासलं जातं, तिथे पंधरवड्याच्या आत-बाहेर नवा चट्टा उगवू शकतो. एकोणिसाव्या शतकात कोब्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे नोंदवलं, म्हणून त्याचंच नाव पडलं. आता आपल्याकडच्या बाळंतिणीचं काय काय होतं ते बघा. पोट सुटू नये म्हणून जुन्या लुगड्याने घट्ट बांधतात, मग बेसन-हळद लावून अंग घासतात. तेल तर रगडून रगडून जिरवायचं असतं. कोब्नरसाहेबाला महालात आमच्या घरी आणून बसवला असता तर त्याची वही एका आठवड्यात भरली असती.

मालिशवाल्या मावशींचा किस्सा इथेच सांगते. त्या पारडीहून यायच्या, सकाळी सातला, आधी लेकाला न्हाऊ घालायच्या, मग माझी पाळी. चट्टे दिसले त्या दिवशी त्यांचा हात थांबला. ‘‘हे काय होय वं बाई? मले नाही ना लागन?’’ मी म्हटलं, नाही लागत, हे आतून येतं. त्यांनी हात धुतले, चहा घेतला, गेल्या. आई म्हणाली, आता काही त्या येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सातला मावशी दारात हजर. ‘‘माह्या जावेले होतं असंच. तिले सगळे दूर बसवत.’’ एवढंच बोलल्या. त्या दिवसापासून बेसन बंद. खोबरेल तेल कोमट करून त्या हाताच्या सपाट तळव्याने नुसतं फिरवायच्या, दाबायच्या नाहीत. डॉक्टर नंतर म्हणाल्या, की मी हेच सांगणार होते.

शेगडीवरून मात्र घरात जुंपली. आईचा आग्रह, सव्वा महिना बाजेखाली शेक हवाच, वर ओवा-बाळंतशोपेची धुरी. मी अंगाला पेट्रोलियम जेली थापून बसलेली. ही चिकट मलमं पॅराफिनची असतात, आणि ती कपड्यात, चादरीत मुरली की कापड झटकन पेट घेतं. धुऊनही पूर्ण निघत नाहीत. ट्यूबच्या डब्यावर बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘‘आम्ही काऊन नाही पेटलो मग?’’ ‘‘तुम्ही तिळाच्या तेलात होता’’ असं काहीतरी मी बोलले, जे काही फार अकलेचं उत्तर नव्हतं, कारण तेलही पेटतं. शेवटी बाबांनी काहीही न बोलता शेगडी मागच्या अंगणात नेऊन ठेवली आणि गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या आणून दिल्या. धुरीही बाहेर गेली. लेकाच्या छातीच्या दृष्टीने तेही बरंच झालं.

आता माझी चूक. डिसेंबरच्या शेवटी मी भावाला औषधाच्या दुकानात पाठवलं, ‘‘खाजेचं काहीतरी आण’’ म्हणून. त्याने आणली ती ट्यूब, ज्यात जबर स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. मिळते पेढ्यासारखी. मी ती पोटावर, पाठीवर दहा दिवस लावली आणि चट्टे पळाले. मी आईला पोट दाखवलं, नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. अकराव्या दिवशी थांबवली. सोळाव्या दिवशी होते त्याच्या दुप्पट परत आले, आणि आता पाठीच्या मधोमध, जिथे आधी कधीच नव्हते. सोरायसिसवर तेज स्टेरॉइड एकदम सुरू आणि एकदम बंद केलं की हे होतं, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. रात्रीच्या तीन वाजता खाजवणाऱ्या बाईला माहीत असलेल्या गोष्टींचा उपयोग नसतो.

पण खरी पंचाईत ही नव्हतीच. ती डाव्या बाजूला होती.

डाव्या स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागावर रुपयाएवढा चट्टा आला आणि त्याला मधोमध चीर पडली. लेक तोंड लावायचा आणि मी पायाची बोटं आवळून आकडे म्हणायचे. सतराच्या पाढ्यापर्यंत गेले की वेदना जरा बोथट व्हायची. एकदा त्याने ओकलं त्यात रक्ताचा धागा दिसला आणि घरभर धावपळ झाली. ते रक्त माझं होतं, चिरेतलं.

आधी ज्यांच्याकडे गेले त्यांनी (नाव नको) लांबूनच बघितलं, लेकाच्या तोंडात पांढरं आहे का विचारलं, मी नाही म्हटलं, तरी बुरशी असेल म्हणून मलम दिलं. दोन आठवडे गेले. काही फरक नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘‘सोरायसिस आहे ना तुम्हाला? मग औषध घ्यायचं तर दूध बंद करा. डबा सुरू करा.’’ एक मिनिटही लागला नाही त्यांना. घरी आले तर आजीचं म्हणणं अगदी उलटं. ‘‘अंगावर पाजते तोवर सोसायचं. आम्ही काय कमी सोसलं?’’ दोघांची मतं विरुद्ध टोकाची, पण नीट बघितलं तर हिशेब एकच. एका पारड्यात माझी कातडी, दुसऱ्यात त्याचं दूध, एक वर तर दुसरं खाली. आणि मीही तो हिशेब मुकाट्याने मान्य केला होता, हे मला आता सगळ्यात जास्त खुपतं. एरवी ऑफिसात कोणी अशी दोन ओळींची बॅलन्सशीट आणून दिली असती तर मी परत पाठवली असती, ‘‘तपशील जोडा’’ असा शेरा मारून.

त्याच रात्री माझ्या जुन्या कागदांच्या फायलीत गोळ्यांची एक पट्टी सापडली. मेथोट्रेक्सेट. लग्नाआधी दीड वर्ष मी आठवड्यातून एकदा ही गोळी घेत असे, ठरलेल्या वारी, जोडीला फोलिक अ‍ॅसिड. गुण छान आला होता. गर्भाला घातक म्हणून मूल होऊ द्यायचं ठरवण्याआधी कित्येक महिने बंद केली होती. पट्टीत सहा गोळ्या उरल्या होत्या आणि मुदत संपायला दोन महिने होते. मी ती हातात धरून बाजेवर बसले. शेजारी लेक दुपट्यात गुंडाळलेला, अधूनमधून झोपेत ओठ चोखत होता. एक गोळी, फक्त एक, आणि एक दिवस दूध काढून फेकून देऊ, असा काहीतरी बावळट हिशेब मी मांडत होते. मग त्याने डोळे उघडले आणि रडायला लागला आणि मला पट्टी खाली ठेवावी लागली. त्याला भूक लागली होती, बाकी त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा मला धंतोलीत घेऊन गेला. नागपूरच्या लोकांना सांगायला नको, धंतोली म्हणजे दवाखान्यांची पेठ. एका गल्लीत चार हाडांचे, तीन लहान मुलांचे, आणि मधोमध संत्र्याची गाडी. त्वचारोगाच्या ज्या डॉक्टर मिळाल्या त्यांनी मला गाऊन दिला आणि चाळीस मिनिटं तपासलं. टाळू, कानामागे, नखं, बेंबी, सगळं. सकाळी बोटं आखडतात का, अर्ध्या तासापेक्षा जास्त, हेही विचारलं, कारण हा रोग सांध्यांतही उतरतो. नाही म्हटलं. मग त्यांनी मला माझा तळहात बोटं जुळवून पोटावर ठेवायला लावला. ‘‘हा तुमच्या अंगाचा एक टक्का. मोजा.’’ मी मोजले. पोट दोन, पाठ साडेचार, दोन्ही पाय दोन, कोपरं मिळून एक, डोकं दीड. अकरा. दहाच्या वर गेलं की ते जास्त समजतात.

पट्टीचं सांगितलं. त्यांनी रागावून वगैरे नाही, सरळ सांगितलं, पाजत असताना ही नाही, एक दिवसाचं दूध फेकूनही नाही, आणि स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही. अ‍ॅसिट्रेटिन नावाची दुसरी गोळी असते, तीही नाही; ती घेतली तर पुढे तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. काही इंजेक्शनं पाजतानाही देता येतात, पण आधी मलम आणि उजेड यांवर भागतं का बघू. आणि मग मला त्या दिवसाचं हवं होतं ते वाक्य मिळालं: ‘‘पाजायचं की नाही हा प्रश्नच नाही. कुठे, किती आणि कधी, ते ठरवू.’’

तपशील जोडला गेला.

‘कुठे’मध्ये असं निघालं, की लेकाचं तोंड लागतं ती जागा वेगळी आणि बाकी अंग वेगळं. पाठीवर, पोटावर मध्यम ताकदीचं स्टेरॉइड, ठरावीक दिवस आणि मग हळूहळू कमी. कोपर-गुडघ्यांवर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातीचं कॅल्सिपोट्रिऑल. डाव्या स्तनावर मात्र फक्त सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, तेही क्रीम. चिकट ऑइंटमेंट तिथे नको, कारण ते पुसून निघत नाही आणि पॅराफिन बाळाच्या पोटात जातं. डांबराचं मलम तर छातीवर अजिबात नाही.

‘किती’ मला सगळ्यात आवडलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि अर्ध्या ग्रॅममध्ये दोन तळहातांएवढी जागा होते. अकरा तळहात म्हणजे साडेपाच रेघा, पावणेतीन ग्रॅम. एकच मलम सगळीकडे असतं तर 30 ग्रॅमची ट्यूब अकरा दिवस पुरली असती. मी आधी काय करत होते? एक ट्यूब चार दिवसांत. वही आणली, रकाने पाडले.

‘कधी’ सगळ्यात अवघड. स्तनावर लावायचं ते पाजून झाल्या झाल्या, पातळ, आणि पुढच्या वेळी आधी ओल्या कापसाने पुसून घ्यायचं, घासायचं नाही. वाचायला सोपं आहे. दोन महिन्यांचं मूल ‘पुढच्या वेळी’ म्हणजे कधी हे सांगत नाही. आठवडाभर त्याच्या वेळा लिहिल्या तेव्हा दिसलं, की रात्री अकरा ते अडीच हा एकच लांब पल्ला आहे. मग डावीकडचं मलम रोज अकरालाच. पहिले चार दिवस डावी बाजू पूर्ण आराम, दूध हाताने काढायचं, नाहीतर गाठ होऊन ताप येतो. वाटीत दूध काढताना मी रडले, त्यात थोडं दुःख आणि पुष्कळ झोप होती.

त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर एक सिस्टर पाजायचं शिकवायच्या. त्यांनी लेकाला माझ्या काखेखाली धरून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘हा नुसतं टोक ओढतो आहे.’’ तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि भोवतीचा काळा भागही आत जाऊ द्यायचा. म्हणजे चीर पडायचं निम्मं कारण सोरायसिस नव्हतंच. चुकीच्या ओढीने कातडी घासली, आणि घासली म्हणून चट्टा आला. पुन्हा कोब्नर. दहा दिवसांत चीर भरली. पाढे म्हणायचे बंद झाले. लेक मात्र अजून सतराचा पाढा ऐकला की शांत होतो, अशी माझी समजूत आहे.

कोपरांची भानगड वेगळीच होती. मलम कोपराच्या मागे, पण बाळाचं डोकं येतं कोपराच्या आत, आणि मलम फिरत फिरत त्याच्या टाळूपर्यंत. बाबांचे जुने सुती मोजे घेतले, पंजाकडचा भाग कापला, राहिली नळी कोपरावर चढवली. चार जोड्या पुरल्या. डोक्यातल्या खवल्यांना बाळंतिणीचा रुमाल धावून आला. कानाला वारा लागू नये म्हणून आई जो रुमाल सक्तीने बांधायची, आणि ज्यावरून मी दोन आठवडे भांडले होते, त्याच्याच आत सगळा भुसा राहू लागला, लेकाच्या तोंडावर पडायचा थांबला. आईला हे मी अजून कबूल केलेलं नाही.

उजेडाचा उपचार फेब्रुवारीपासून. उभं कपाट, आत चहूबाजूंनी नळ्या, 311 नॅनोमीटरची अतिनील किरणं. काळा चश्मा, चेहऱ्यावर आणि स्तनाग्रांवर कापड, बाकी जन्मलो तसे. पहिल्या दिवशी मिनिटभरही नाही, मग प्रत्येक वेळी थोडं वाढवत. किरणं कातडीतच थांबतात, दुधात काही उतरत नाही. याच्यासारखाच ‘पुवा’ नावाचा दुसरा प्रकार असतो, ज्यात आधी सोरॅलेनची, म्हणजे कातडी उजेडाला हळवी करणारी, गोळी देतात. पाजणाऱ्या बाईला तो चालत नाही, म्हणून नाव नीट विचारून घ्यावं. आठवड्यातून तीनदा, एकूण 26 वेळा गेले. आई बाहेर बाकड्यावर लेकाला घेऊन बसायची. आत नळ्या गुणगुणायच्या, बाहेर तो रडायचा, आणि माझा पान्हा त्या कपाटातच फुटायचा. कापड ओलं करून बाहेर यायचे मी दर वेळी.

‘‘एवढे पैसे कशाला? ऊन काय कमी आहे नागपुरात?’’ हे आजीचं. प्रश्न रास्त आहे. कोवळ्या उन्हात दहा मिनिटं बसायला डॉक्टरांची ना नव्हती, पण उन्हाचं माप कोण घेणार? आणि मी महिनाभर खिडकीच्या बंद काचेआड ऊन खात होते. त्या काचेतून कामाची किरणं येतच नाहीत. नुसती गरम झाले.

संत्र्यांचं राहिलं. ऐन हंगाम, बाबा इतवारीतून करंडीभर आणायचे, आणि मला बंदी. आंबट, थंड, बाळाला सर्दी, शिवाय ‘अंगावर उठतं’. डॉक्टरांना विचारलं तर हसल्या, म्हणाल्या, संत्र्याने सोरायसिस वाढत नाही, खा. मी ती बातमी घरी सांगितली नाही. सांगितली असती तर वाद झाला असता. रात्री अकराला मलम लावून झालं की दोन संत्री मोरीत उभं राहून खायचे. साल मात्र लपवता येत नाही; वासाने आईला पहिल्याच रात्री कळलं असणार.

मार्चमध्ये लेकाच्या टाळूवर पिवळट खवले आले आणि माझ्या पोटात धस्स झालं. माझंच याला गेलं. तासभर मी त्याचं डोकं मोबाइलच्या उजेडात बघत बसले. बालरोगतज्ज्ञांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, ही तान्ह्या मुलांच्या डोक्यावर धरणारी साधी खपली, तेल लावा, मऊ ब्रशने काढा, जाईल. गेली. सोरायसिस दुधातून जात नाही, मिठीतून जात नाही. रक्ताच्या नात्याने थोडी शक्यता उतरते, एका पालकाला असेल तर साधारण दहात एक. दहात एक हा आकडा मी वहीत लिहिला नाही.

हो, संक्रांत. आईने काळी साडी ठेवून दिली आणि तिच्या लग्नातली भंडाऱ्याची कोशाची साडी काढली, बिस्किटाच्या रंगाची. त्या रंगावर काहीही पडलं तरी दिसत नाही. काळी साडी ती स्वतः नेसली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलंच, पहिल्या संक्रांतीला पोरगी काळ्यात काऊन नाही? आई तिळगुळाचं ताट पुढे करत म्हणाली, ‘‘काळ्यात तिला गरमी होते.’’ जानेवारीच्या त्या थंडीत, शाली पांघरून बसलेल्या बारा बायकांसमोर. कोणीही पुढे काही विचारलं नाही. लेकाच्या डोक्यावरून मुरमुरे आणि बोरं ओघळली, त्याने एक शिंक दिली आणि झोपला.

मे महिन्यात रजा संपली, कामावर गेले. तेव्हा तळहात तीन उरले होते. ऑगस्टमध्ये दोन, दोन्ही कोपरं आणि डोक्यामागचा एक हट्टी पट्टा. डाव्या बाजूला आता नुसता फिकट डाग आहे. हे सगळं माझ्या डॉक्टरांनी माझ्या अंगासाठी ठरवलेलं, तुमचे तळहात वेगळे असतील.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला आम्ही महालातच होतो. मारबत म्हणजे गावातली पिडा घेऊन जावी म्हणून नागपुरात मिरवत नेऊन जाळतात तो मोठा पुतळा. पिवळी मारबत 1885 पासून निघते म्हणतात, आणि लहानपणापासून मी ती आमच्या गॅलरीतूनच बघत आले आहे. खाली गर्दी ओरडत होती, ‘‘रोगराई घेऊन जा गे मारबत!’’ महागाई, भ्रष्टाचार, जो तो आपापली यादी जोडत होता. आईने लेकाला कडेवर घेतलं, कठड्यावरून वाकली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, ‘‘सोरायसिस घेऊन जा गे मारबत!’’ तेरा वर्षं जो शब्द ती पाहुण्यांसमोर कुजबुजत आली होती. खालच्या एका पोट्ट्याने वर बघून हात हलवला.

त्याच आठवड्यात लेकाची नवव्या महिन्याची लस होती. बालरोगतज्ज्ञांनी वजन घेतलं, रांगतो का विचारलं, आणि मग, ‘‘बारीक वस्तू चिमटीत उचलतो का?’’

‘‘उचलतो ना,’’ मी म्हटलं.

काय उचलतो ते त्यांनी विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी पाजत होते तेव्हा त्याने मोज्याची नळी खाली ओढली, माझ्या कोपरावरचा एक खवला अंगठा आणि तर्जनीत नीट धरला, उपटला, उजेडात धरून बघितला, आणि मी त्याचा हात धरायच्या आत तोंडात टाकला.